चाऱ्याच्या मक्यात चवळी घेताना

चाऱ्यासाठी आफ्रिकन टॉल या वाणाचा मका पेरताना दोन ओळींनंतर चवळीची एक ओळ घेतल्यास वैरणीतील प्रथिने वाढतात, आणि दुभत्या जनावरांसाठी हा लाभ फार मोलाचा आहे. दाण्याच्या मक्यात मात्र अधिक सावधगिरी हवी. पहिले ३० ते ४० दिवस मक्याला स्पर्धा सोसत नाही. म्हणून मक्याच्या ओळींत ६० ते ७५ सेंटीमीटर अंतर ठेवून मधे झुडपी चवळीची एकच ओळ पेरावी आणि ती फुलोऱ्यात येताच कापून घ्यावी. चवळी हवेतील नत्र स्थिर करत असली तरी ते बहुतांशी तिच्याच वाढीत खर्ची पडते, त्यामुळे मक्याची खतमात्रा कमी करू नये. अशा शेतात अ‍ॅट्राझिन हे तणनाशक मुळीच फवारू नये, त्याने चवळी जळते, खुरपणीच करावी.