पानगळ, कोंबड्या आणि लसणाचा वाफा

सकाळी खुराड्याचं दार उघडलं आणि आत पिसांचा सडा दिसला, तर आधी रक्त कुठे सांडलंय का ते बघा. मग डोकी मोजा. रक्त नाही आणि डोकी पुरी भरली, तर रात्री कोल्हा आला नव्हता. पानगळ आली.

पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. मी सहा कोंबड्या तीनदा मोजल्या. सहाच्या सहा होत्या, फक्त काळी निम्मी झाली होती. मानेवरची पिसं गेलेली, शेपटीला एक पीस कसंबसं लोंबतंय, आणि माझ्याकडे अशी बघत होती की जणू मीच ती उपटली. तीन दिवसांनी तिने अंडी देणंही थांबवलं. मी औषधं शोधत बसले. औषधाची काही गरज नव्हती.

होतं असं. दिवस लहान व्हायला लागले की कोंबडीचं शरीर अंड्यांचा कारखाना बंद करतं आणि जुनी पिसं टाकून थंडीसाठी नवी घालायला घेतं. जोमाने अंडी द्यायला तिला दिवसाला साधारण चौदा तास उजेड लागतो, आणि तेवढा आता मिळत नाही. पहिली मोठी पिसगळ बहुतेक दीड वर्षाच्या आसपास येते. आधी डोकं आणि मान, मग पाठ, छाती, पंख, शेवटी शेपूट. सगळं उरकायला दोन-तीन महिने जातात. काही जणी पंधरा दिवसांत उघड्या पडतात, काहींचं कळतही नाही.

पीस म्हणजे जवळजवळ ८५ टक्के प्रथिनं. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या नेहमीच्या खाद्यात ती १६ टक्क्यांच्या आसपास असतात. एवढे दिवस १८ ते २० टक्क्यांचं खाद्य द्या, बस. इथे माझा एक हट्ट आहे. कोंबडी बिचारी उघडी दिसते म्हणून लोक मायेने मका ओततात. मक्याने पोट भरतं, पिसं येत नाहीत. एक कोंबडी दिवसाला ११०-१२० ग्रॅम खाते. त्यातला दहावा हिस्सा लाडाचा, म्हणजे डझनभर ग्रॅम, मूठसुद्धा नाही. तेवढा मका संध्याकाळी झोपायच्या आधी टाका. अंड्याच्या कवचासाठी लागणारा शिंपल्यांचा चुरा मात्र वेगळ्या वाटीत कायम असू द्या. जिला लागेल ती खाईल, जिचं अंडं बंद आहे ती वाटीकडे बघणारही नाही.

उजेडासाठी दिवा लावावा का, हे सगळेच विचारतात. मी लावत नाही, तिला सुट्टी हवी असते. लावायचाच असेल तर पहाटे लावा, संध्याकाळी नको. रात्री दिवा एकदम विझला की जी खाली असेल ती अंधारात खालीच अडकते, झोपायच्या दांडीवर चढता येत नाही.

या दिवसांत डोळ्यांपेक्षा हातावर जास्त भरवसा ठेवा. फुललेल्या पिसांखाली कोंबडी किती वाळली आहे ते दिसत नाही. आठवड्यातून एकदा अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन जा. दांडीवर बसलेली कोंबडी तेव्हा अगदी शहाणी असते. पोटाखालून तळवा सरकवा आणि छातीचं मधलं हाड चाचपा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागलं तर ठीक. हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं तर तिला वेगळं खाऊ घाला, आणि बुडाजवळची पिसं बाजूला करून उवा बघा. पिसांच्या मुळाशी पांढुरके गठ्ठे दिसले तर त्या लिखा. मग गळ्यातली पिशवी. रात्री ती भरलेली असते, सकाळी रिकामी हवी. सकाळीही टम्म असेल तर लांब गवत गिळून अडकलं असण्याची शक्यता मोठी. पिसगळीतल्या कोंबडीला उचलू मात्र नका. नव्या पिसांच्या काड्यांत रक्त खेळत असतं, दाबलं की तिला दुखतं. काळीने मला हे एका टोचीत शिकवलं.

टॉर्च हातात आहे तोवर दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा फडका फिरवा. लाल रेघ उमटली तर लाल माइट. ही कीड दिवसा फटीत लपते, रात्री येऊन रक्त पिते आणि पहाटे परत जाते, म्हणून दिवसा कोंबडीवर शोधून सापडत नाही. काही न पिता ती कित्येक महिने तग धरते. त्यामुळे खुराडं नुसतं रिकामं ठेवून भागत नाही. दांड्या खोबणीतून काढा, टोकं घासा, फटी ब्रशने खरवडा, सगळं खडखडीत वाळू द्या आणि मगच परत लावा. थंडी पडायच्या आधी एक पूर्ण दिवस यासाठी मोडा. दांडी रुंद हवी, चार-पाच सें.मी., वरून जवळजवळ सपाट. म्हणजे बसल्यावर छातीची पिसं पंजांवर पडतात आणि बोटं गारठत नाहीत.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. पहिली थंडी येणार म्हणून मी खुराड्याच्या यच्चयावत फटी गोणपाटाने बुजवल्या. तिसऱ्या सकाळी दार उघडलं तर डोळ्यांतून पाणी आलं, इतका अमोनिया. खिडकीच्या आतून पाणी ओघळत होतं. पुढच्या आठवड्यात मोठ्या तुरेवालीच्या तुऱ्याची टोकं काळी पडली. मला वाटलं, थंडी अजून आत शिरतेय. खरं तर त्यांच्याच श्वासाचा आणि विष्ठेचा ओलावा आत कोंडला होता आणि तो तुऱ्यावर बसून गोठत होता. कोरडी कोंबडी पुष्कळ थंडी काढते, ओली काढत नाही. दांडीच्या उंचीला वारा लागत असेल तर ती फट बुजवा. छपराखालच्या, त्यांच्या डोक्यावरच्या फटी थंडीभर उघड्या राहू द्या. आत नाक घातल्यावर वास झोंबला तर हवा कमी पडतेय.

बागेत यंदाचं शेवटचं मोठं पीक म्हणजे वाळका पाला. मी सलग दोन कोरडे दिवस बघते आणि गोण्या भरते. ओला पाला गोणीत बुरसटतो, आणि बुरशीचा पाला कोंबड्यांपुढे टाकला तर त्यांच्या फुप्फुसांवर जातो. कोरडा पाला त्यांच्या अंगणात घोट्याएवढा पसरा. चिखल थांबतो आणि त्यांना दिवसभराचं काम मिळतं. एकीने उकरायचं, बाकीच्यांनी पळत येऊन बघायचं की तिला काय मिळालं. तीन-चार आठवड्यांत पाल्याचा चुरा होतो आणि त्यात शिट मिसळलेली असते. तो चुरा फावड्याने उचलायचा आणि थेट कंपोस्टच्या ढिगावर टाकायचा.

कोंबडीची विष्ठा नत्राने ठासून भरलेली असते, पाल्यात कर्ब. एक बादली विष्ठेला तीन बादल्या पाला, हे माझं माप. मूठभर घेऊन पिळलं की एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाला घाला, काहीच आलं नाही तर पाणी. ढीग मीटरभर तरी उंच-रुंद हवा, नाहीतर आत ऊब धरत नाही. जमला तर आत ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो, हात घालून ठेवता येत नाही. निवला की उलथा, पुन्हा तापेल. मग झाकून वसंतापर्यंत विसरून जा.

ताजी विष्ठा उभ्या पिकाला कधीच घालू नका. मी पालकाला घातली होती, आठवड्यात पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या. शिवाय त्यात साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. कच्चं खत घातलंच तर मातीला टेकणारी भाजी काढेपर्यंत निदान १२० दिवस जाऊ द्या.

रिकाम्या वाफ्यात कोंबड्या सोडायच्या तर दिवस मावळायच्या तासभर आधी. गोगलगायींची अंडी, अळ्या, कोष सगळं वेचतात, आणि अंधारू लागलं की आपणहून घरी जातात, मागे धावावं लागत नाही. आधी बटाट्याचे वेल आणि हिरवे पडलेले बटाटे उचला, ते विषारी असतात. माती चिकट असेल त्या दिवशी सोडू नका, तुडवून तुडवून वीट करतात.

लसूण जमीन गोठायच्या चारेक आठवडे आधी लावा. सर्वांत मोठ्या पाकळ्या निवडा, बारक्या स्वयंपाकात वापरा. बूड खाली, टोक वर, टोकावर तीन सें.मी. माती, दोन पाकळ्यांत १५ सें.मी. लसणाला थंडीचे काही आठवडे लागतात. ते मिळाले नाहीत तर गड्डा पाकळ्यांत फुटत नाही, नुसता गोल कांदा होतो. वर पाल्याचं आच्छादन द्या.

आणि वाफ्यावर आडवी जाळी घाला. मी साठ पाकळ्या लावून हात धुवायला गेले, फाटकाला कडी घालायची राहिली. वीस मिनिटांत सहाजणींनी वाफा उकरून ठेवला. खाल्ली एकही नाही, नुसत्या बाजूला फेकल्या. ताजी खणलेली माती दिसली की त्यांना राहवत नाही. जाळीची भोकं पाच सें.मी.ची असली तर कोंब त्यांतून वर येतात आणि पालाही उडत नाही. बाकला, म्हणजे जाड दाण्यांच्या शेंगा येणारं घेवड्यासारखं पीक, लावायचा असेल तर याच दिवसांत, पाच सें.मी. खोल. त्यालाही जाळी.

किरकोळ दोन गोष्टी. धान्य पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवा, प्लास्टिक उंदीर कुरतडतात. खाणं-पाणी छपराखाली ठेवा, कारण याच काळात स्थलांतर करणारे पक्षी वरून जातात आणि त्यांच्या विष्ठेतून बर्ड फ्लू पसरू शकतो.

दार लावायची वेळ रोज थोडी अलीकडे सरकते. मी घड्याळ बघत नाही, शेवटची कोंबडी आत गेली की दहा मिनिटांनी जाते. दिवा न लावता दांडीवरून हात फिरवत मोजते: एक, दोन, तीन. चौथी काळी. परवा तिच्या मानेवर हाताला खरखरीत काड्या लागल्या आणि ती अंधारातच गुरगुरली.