शेकरू बघायला निघताय? आधी दुर्बीण जुळवा

भीमाशंकरच्या जंगलात शेकरू, म्हणजे झाडांवर राहणारी मोठी खार, बघायला पुन्हा निघालोय, म्हणून हे लिहून ठेवतोय. मागच्या वेळी शेकरू दिसलं, म्हणजे सोबतच्यांना दिसलं. मला दुर्बिणीतून एका डोळ्याला झाड आणि दुसऱ्याला नुसता हिरवा काला दिसत होता. चाक फिरवत बसलो तोवर वर फांदी हलली, पानं खाली आली आणि ते पलीकडच्या झाडावर गेलंसुद्धा. आदल्या आठवड्यात भाच्यानं खेळताना दुर्बिणीची उजव्या डोळ्याकडची कडी फिरवली होती, आणि मी काही तपासलं नव्हतं.

तर पहिलं काम, बूट-बाटलीच्याही आधी: दुर्बीण घरीच जुळवा. खिडकीत उभं राहून लांबची एखादी पाटी धरा. उजवा डोळा मिटा आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला अक्षरं स्पष्ट करून घ्या. मग डावा मिटा आणि चाकाला अजिबात हात न लावता उजव्या डोळ्याकडची कडी फिरवा. तिला डायॉप्टर म्हणतात. ती जिथे थांबेल तिथे चिकटपट्टी लावून टाका. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली दुमडा, नाहीतर नळीतून बघितल्यासारखं दिसतं. दुर्बीण कुणाकडून मागून आणणार असाल तर ८×४२ मागा, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. १०×च्या मोहात पडू नका, हात थोडा हलला तरी चित्र थरथरतं आणि दाट झाडीत प्राणी सापडेपर्यंत निघून जातो.

आणखी एक सवय घरीच करा. कावळा बसलेला बघा, नजर त्याच्यावरच ठेवा आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणा. खाली दुर्बिणीकडे बघितलंत की कावळा हरवला. वीस वेळा करा. घरचे हसतील, हसू देत.

कधी जायचं? भर पावसात नको, धुक्यात समोरचं झाड दिसत नाही. नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत बरं. महाशिवरात्र, श्रावण, सोमवार, जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. ज्योतिर्लिंग आहे, गर्दी देवाची असते आणि भोंगे गाड्यांचे. मुक्काम आदल्या रात्रीच करा, कारण शेकरू सकाळी आणि उतरत्या उन्हात हिंडतं, दुपारी फांदीवर पसरून झोपतं. पुण्याहून सकाळी निघून अकराला पोचणारे लोक मग जंगलाला नावं ठेवतात.

जंगलात शिरलात की वर बघा. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं, एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेतच जातं. म्हणून फांदीला फांदी लागलेलं रान त्याला लागतं, आणि म्हणून देवराया महत्त्वाच्या: देवाच्या धाकानं का होईना, तिथली झाडं उभी राहिली. उंच, बारीक फांद्यांवर काटक्या-पानांचा टोपलीएवढा गोळा दिसला तर ते घरटं. एकेका शेकरूची अशी बरीच असतात, त्यामुळे पहिल्याच घरट्याखाली तळ ठोकू नका. कान द्या. खडखडल्यासारखा जोरकस आवाज आला की तिकडे वळा. विटकरी अंग, फिकट पोट, फिकट टोकाची झुबकेदार शेपटी, सगळं मिळून तीनएक फूट. खार म्हणून सोडून देण्याजोगं नाही, पण पानांत मात्र असं मिसळतं की नुसत्या डोळ्यांना शेपटीच लोंबताना दिसते. म्हणून तर दुर्बीण. जुळवलीत ना?

अभयारण्य १९८५ सालचं, साधारण १३० चौरस किलोमीटरचं, पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं. शेकरू काही एकटं नाही. भेकर, सांबर, बिबट्या, इवल्याशा हरणासारखी पिसोरी आहेत. दिसतीलच असं नाही. हिरवा चापडा हा साप मात्र फांदीवर न हलता बसलेला असतो, त्यामुळे आधाराला फांदी धरायच्या आधी तिच्याकडे बघा. हे गमतीत सांगत नाहीये, तो विषारी आहे.

कपडे मळखाऊ. अत्तर नको. फरसाण दाखवून शेकरूला खाली बोलावू नका, तो राज्यप्राणी आहे, तुमचा पोपट नव्हे. वाटेवरचा हिरडाही उचलून आणायचा नाही. वाटाड्या गावातलाच घ्या आणि त्याचे पैसे आधी ठरवा, झाड त्यालाच माहीत असतं.

पाणी, टोपी, बॅटरी, औषधं तुम्हाला माहीत आहेतच. मोबाइलला रेंज मिळेलच असं धरून चालू नका. पायथ्याच्या खांडस गावाकडून चढणार असाल तर गणेश घाटाच्या वाटेनं, शिडी घाटाची वाट ओली असताना नको. कचरा परत आणा. अंधाराआधी खाली या.

आणि निघायच्या सकाळी, गाडीची किल्ली हातात घेण्याआधी, ती पाटी पुन्हा वाचून बघा. आधी डाव्या डोळ्यानं, मग उजव्या.