भाजी तीनदा धुवूनही कचकच लागते? मग या चुका टाळा

पावसाळा लागला की आमच्या ठाण्यात येऊरच्या जंगलाकडच्या बायका फोडशी, टाकळा, कुरडू अशा रानभाज्या घेऊन बसतात. त्यातली फोडशी मी लग्नानंतर पहिल्यांदा केली ती नेमकी मावससासूबाई जेवायला आल्या त्या दिवशी. पहिला घास आणि दाताखाली कचकन! त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, नुसतं पाणी प्यायल्या, पण माझं तोंड एवढंसं झालं, कारण भाजी चांगली तीन पाण्यांतून काढली होती हो.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, पाणी कसं काढलंस? म्हणलं, चाळणीत ओतलं की. तिथेच घोळ होता. माती सुटून तळाशी बसते आणि आपण सगळा टोप चाळणीवर पालथा करतो, म्हणजे तळातली माती परत भाजीच्याच डोक्यावर. तेव्हापासून मोठा टोप, भरपूर पाणी, जुडी सोडून भाजी त्यात चार-पाच मिनिटं ठेवायची, हाताने हलवायची, जरा थांबायचं आणि मग दोन्ही हातांनी अलगद उचलून रोळीत काढायची, खालचं पाणी नंतर. टोपाच्या तळाला बोट फिरवून बघा, रवाळ लागतंय तोवर परत तेच. फोडशीचं अजून एक म्हणजे खालच्या पांढऱ्या भागात पानं एकमेकांत घट्ट असतात आणि माती तिथेच लपते, म्हणून तो कडक बुडखा आधी कापून पानं सुटी करायची. बांधलेल्या जुडीवर नुसता नळ सोडून काहीही होत नाही, पालक असो नाहीतर कोथिंबीर.

दुसरी चूक चिरून धुणं. घाईत सगळेच करतात, पण चिरलेल्या भाजीतलं सी जीवनसत्त्व पाण्यात उतरतं आणि सालीवरची घाण कापलेल्या भागाला लागते ती वेगळीच. भेंडी तर अख्खी धुऊन, कोरडी पुसूनच चिरा, नाहीतर तार सुटते ती सुटतेच. अपवाद फ्लॉवर! अख्खा गड्डा बुडवून आतली अळी बाहेर येत नाही, मोठे तुरे करून कोमट पाण्यात मीठ-हळद घालून दहा मिनिटं ठेवा आणि मग पाण्यात काय येतं ते बघा, म्हणजे बघवलं तर.

आणि प्लीज, भांड्याचं लिक्विड नको. आमच्या मजल्यावर एकजण टोमॅटो, काकडी त्यानेच धुते, म्हणे चकचकीत होतात. अहो, साल सच्छिद्र असते, साबण आत जाऊ शकतो आणि तो पोटात जाण्यासाठी बनवलेला नसतो. फवारणीचीच भीती असेल तर खाण्याचा सोडा बरा. २०१७ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सफरचंदांवर दोन कीटकनाशकं लावून बघितलं, सोड्याच्या १ टक्का पाण्यात १२ ते १५ मिनिटांत सालीवरचं निघालं. आपल्या मापात लिटरला साधारण दोन छोटे चमचे, नंतर साध्या पाण्याने धुवायचं. पण जे सालीच्या आत मुरलं होतं ते सोड्यानेही निघालं नाही. तसंच गटाराच्या पाण्यावर वाढलेल्या भाजीचं, झाडाने मुळांतून शिसं वगैरे ओढून घेतलेलं असेल तर तुम्ही दहा वेळा धुवा, ते पानातच राहणार. म्हणून रेल्वेच्या रुळांकडेला अशा पाण्यावर पिकवलेली म्हणून माहीत असलेली भाजी मी कितीही स्वस्त असली तरी घेत नाही.

सोललेले मटार जास्तच हिरवेगार दिसले की काचेच्या ग्लासात पाण्यात अर्धा तास ठेवा. पाणी हिरवं झालं तर रंग लावलाय, फेकून द्या, धुऊन वापरायच्या भानगडीत पडू नका.

रविवारी बाजारातून आठवड्याची भाजी आणून सगळी एकदम धुऊन फ्रिजमध्ये कोंबणारे पण खूप आहेत (मी पण त्यातलीच होते). बुधवारपर्यंत कोथिंबिरीचा लगदा. ओलावा राहिला की सडते, त्यामुळे निवडून, कोरडीच सुती पिशवीत ठेवायची आणि लागेल तेव्हा लागेल तेवढीच धुवायची.

टोपातलं पहिलं मातीचं पाणी मात्र मोरीत ओतू नका, माझा बाल्कनीतला कढीपत्ता त्यावरच वाढलाय. मीठ किंवा सोड्याचं पाणी कुंडीत नको हं, तुळस एकदा गेलीये माझी तशी.