समुद्र खवळला की काय करायचं: शिडाच्या बोटीने लांब जाणाऱ्यांसाठी

सांगलीच्या माणसाला घाट उतरल्याशिवाय समुद्र दिसत नाही. पण आता इथलीही पोरं-पोरी शिडाच्या बोटीवर जायचं म्हणून विचारायला येतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी स्वतः गोव्याहून मॉरिशसला शिडाच्या बोटीने गेलो. साधारण तीन आठवड्यांची सफर. विषुववृत्त ओलांडल्यावर आग्नेयेकडचे व्यापारी वारे लागले आणि तिथून पुढे बोट सतत एका कुशीवर कललेली राहिली. त्या दिवसांत एक गोष्ट पक्की कळली: बोटीआधी माणूस थकतो. 1979 च्या फास्टनेट या इंग्लंडजवळच्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळाने 15 शर्यतपटूंचा बळी घेतला. त्या रात्री सोडून दिलेल्या बोटींपैकी बहुतेक नंतर तरंगत असलेल्या सापडल्या. म्हणून बोटीइतकीच स्वतःची तयारी करा.

निघण्याआधी, घरी

तुम्हाला बोट लागेल. गाडी न लागणाऱ्यांनाही लागते. आतल्या कानाला हालचाल कळते, पण डोळ्यांना समोरची केबिन स्थिर दिसते, आणि या भांडणात पोट ढवळतं. डॉक्टरांना विचारून गोळी ठरवा आणि ती आधी जमिनीवर घेऊन बघा. आंबा घाटातून जाणाऱ्या एसटीत मागच्या सीटवर बसून गोळीचा असर आणि गुंगी दोन्ही तपासता येतात. एखाद्या गोळीने इतकी झोप येते की रात्रीचा पहारा जमणार नाही. हे बंदरातून निघाल्यावर कळून उपयोग नाही.

बोलाइनची गाठ, म्हणजे ताण आला तरी न आवळणाऱ्या फासाची गाठ, डोळे मिटून मारायला शिका. मग हात ओले करून मारा.

खाण्याचं सामान भरताना सांगलीचं भडंग न्यावंसं वाटेलच. मोठ्या डब्यात नेऊ नका. खाऱ्या हवेत झाकण दोनदा उघडलं की ते सादळतं. मूठ-मूठभराच्या बंद पुड्या करा. तासगावचे बेदाणे मात्र डोळे झाकून घ्या. टिकतात, चुलीशिवाय खाता येतात आणि मळमळतानाही दोन-दोन दाणे पोटात राहतात.

पहिले तीन दिवस

बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं. तोवर खाली केबिनमध्ये वाचत बसू नका. वर या, क्षितिजाकडे बघा, शक्य असेल तर सुकाणूचं चाक हातात घ्या. वर राहणं शक्य नसेल तर बोटीच्या मध्यावर, खालच्या बाजूला डोळे मिटून आडवे पडा. तिथे हेलकावे सर्वांत कमी असतात. पाणी घोटाघोटाने प्या. उलट्या थांबत नसतील तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तसाच अर्धा चमचा मीठ. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय.

वारा चढू लागला की

इथे सांगलीकराला वेगळं शिकवावं लागू नये. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45. नदीकाठचं शहाणं घर 40 लाच धान्याची पोती माळ्यावर चढवतं. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा उशिरा उठलेल्यांचं काय झालं ते आपण पाहिलंय. शिडाचंही तसंच. रीफ घेणं म्हणजे शिडाचा खालचा भाग आवळून ते लहान करणं. रीफ घ्यावी का, असा विचार मनात आला की तेव्हाच घ्या. अंधार पडण्याआधी तर नक्कीच.

मी एकदा 'अजून अर्धा तास बघू' म्हणत थांबलो. जे काम उजेडात दहा मिनिटांत झालं असतं, त्याला रात्री पाऊण तास लागला. ओलं शीड पत्र्यासारखं कडक झालं होतं आणि तीन बोटांची सालं निघाली.

पट्ट्याचा नियम यापेक्षा कडक पाळा. डेकवर नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, मागपर्यंत ताणलेली पट्टी असते, तिला आपल्या अंगातल्या पट्ट्याचा हूक अडकवायचा. दारातून बाहेर पाय टाकण्याआधी अडकवा, आत पूर्ण उतरल्यावरच सोडा. हूक बसल्याचा 'खट्' आवाज कानाने ऐका, शिवाय ओढूनही बघा. सहा नॉट वेगाने जाणारी बोट दहा सेकंदांत तीस मीटर पुढे जाते, आणि लाटांमध्ये माणसाचं डोकं तेवढ्या अंतरावरून दिसेनासं होतं.

स्वयंपाक प्रेशर कुकरमध्ये करा. झाकण बंद असल्याने भांडं हिंदकळलं तरी सांडत नाही. चुलीशी उभं राहताना रेनकोटची पँट घाला, मांड्या भाजण्यापासून वाचतात. वाडग्यात मेतकूट-भात आणि चमचा, एवढ्याने पहाऱ्यावरचा माणूस पुन्हा माणसात येतो.

पहारा संपला की झोप येवो न येवो, आडवं व्हाच. बंकच्या कडेचा कापडी आडोसा घट्ट बांधा. झोपण्याआधी गोड्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने मान, काखा आणि मांड्या पुसा. मीठ तसंच राहिलं तर चार दिवसांत फोड येतात.

फारच झालं तर

भोवती पुष्कळ मोकळा समुद्र असेल तर बोट थोपवता येते. पुढचं लहान शीड वाऱ्याच्या बाजूला ओढून बांधा, मुख्य शीड आखडलेलं ठेवा आणि चाक वाऱ्याच्या दिशेला फिरवून बांधा. पुढचं शीड नाळेला वाऱ्यापासून दूर ढकलतं, सुकाणू तिला परत वाऱ्याकडे आणतं, आणि या ओढाताणीत बोट जवळजवळ जागेवर डुलत राहते. पहिल्यांदा हे केलं तेव्हा केबिनमधला आवाज एकदम निम्मा झाला आणि आम्ही चौघंही चार तास आळीपाळीने नीट झोपलो. हे शांत हवेत आधी दोन-तीनदा करून बघा, कारण प्रत्येक बोटीची खोड वेगळी.

वारा उतरला तरी लाटा लगेच उतरत नाहीत. शिडात वारा नसल्याने बोट उलट जास्त लोळते, आणि नेमकं तेव्हाच सगळे सैलावतात. सर्वांत कमी झोपलेल्याला आधी झोपवा, कुकर लावा, आणि डेकवर दोर तपासायला जाताना हूक अडकवूनच जा.