बापूचा एमआरआय करायचा तर

डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाला चाळिशीनंतर विसर पडू लागला की लोक म्हणतात, “तो तसाच आहे.” तसं नसतं. माझा धाकटा भाऊ बापू कोठ्यातल्या गाईला न चुकता ढेप घालायचा. आता टोपलं घेऊन नुसता उभा राहतो. असे बदल तारखेनिशी वहीत लिहा. पहाटे हात झटकत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, ते फिटचे झटके असू शकतात. डॉक्टरला स्कॅनइतकीच ही वही लागते.

आधी थायरॉइड, बी-१२, कान, मोतीबिंदू, झोपेतलं घोरणं तपासून घ्या. यातलं बरंच सुधारतं. मग एमआरआय. मेंदू आक्रसला का, रक्त किंवा पाणी साचलं का, ते त्यात दिसतं. एमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) दाखवणाऱ्या पेट (PET) स्कॅनमागे धावू नका, असं माझं मत. डाऊन सिंड्रोममधल्या २१व्या गुणसूत्राच्या जादा प्रतीमुळे चाळिशीपर्यंत बहुतेकांच्या मेंदूत एमायलॉइड साचतंच. तेवढ्यावरून डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, ठरत नाही.

मशीन २०-३० मिनिटं ठणाठणा वाजतं. नागपूरला निघण्याआधी रोज सांजच्याला बापूला खाटेवर निजवून, कानात कापूस घालून मी ताट बडवायची. शेजारीण हसली, हसू द्या. करदोडा, ताईत घरीच काढा. तिथं ऐनवेळी काढला की माणूस बिथरतो. गुंगी द्यायची असेल तर हृदयाचं ऑपरेशन झालं असेल तर ते, झोपेतलं घोरणं, आणि मानेचे मणके सैल असू शकतात हे भूलतज्ज्ञाला स्वतःहून सांगा. उपाशी किती तास ठेवायचं ते आधीच विचारा, सकाळचा पहिला नंबर मागा. फिल्मा फेकू नका, पुढच्या स्कॅनला तुलनेसाठी लागतात.