डोक्याला यंत्र लावण्याआधी: या चुका टाळा

घरातल्या ज्येष्ठांना विसर पडायला लागला की मुलं आधी मेंदूला उत्तेजना देणारं यंत्र ऑनलाइन शोधतात आणि मग डॉक्टर. हा क्रम उलटा करा.

आपल्या बडोद्यातल्या कितीतरी आजी-आजोबांचं जेवण पूर्ण शाकाहारी, त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन. दोन्हींमुळे बी-१२ जीवनसत्त्व उतरू शकतं आणि त्याने विसराळूपणा येतो. थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणं यांनीही तसंच होतं. हे तपासल्याशिवाय मी कुणालाही उपचाराच्या खुर्चीत बसवत नाही, घरच्यांनी कितीही घाई केली तरी.

दुसरी चूक घरगुती टीडीसीएसची, म्हणजे डोक्यावर ओले स्पंज लावून मेंदूला सौम्य करंट देण्याची. दांडिया बाजारातल्या एका आजींच्या कपाळावर भाजल्याचा डाग घेऊन त्यांचा मुलगा आला. स्पंज नळाच्या पाण्यात बुडवलेला, तोही मध्येच वाळलेला. सुकलेल्या स्पंजातून करंट सगळीकडे सारखा पसरत नाही, एका जागी एकवटतो आणि कातडी पोळते. वर त्याचा प्रश्न, ‘ताई, वीस मिनिटांनी फायदा होतो ना, मग चाळीस मिनिटांनी दुप्पट नाही का होणार?’ नाही होणार! निरोगी माणसांच्या मेंदूच्या हालचाल-केंद्रावर १ मिलिअँपिअर करंट सलग १३ मिनिटं दिला तर उत्तेजना वाढली. तोच २६ मिनिटं दिला तर उलट कमी झाली. मेंदूवर वेळ दुप्पट करून परिणाम दुप्पट होत नाही. मी स्पंज मेडिकलमधल्या नॉर्मल सलाइनने भिजवते, मध्ये हात लावून बघते आणि ठरलेल्या वेळेला यंत्र बंद करते. हे ज्यांना कंटाळवाणं वाटतं त्यांनी यंत्र विकत घेऊच नये.

डोक्यात ऑपरेशनची धातूची क्लिप, कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी बसवलेलं यंत्र) किंवा पूर्वी फिट आलेली असेल तर आधी सांगा. लपवू नका.

दुसरा उपचार टीएमएस, त्यात डोक्याजवळ धरलेल्या कॉइलमधून चुंबकीय झटके देऊन मेंदूला उत्तेजना देतात. ही शॉक ट्रीटमेंट नव्हे. पेशंट जागा असतो, भूल लागत नाही.

‘दहा बैठका झाल्या, फरक नाही, सोडून दिलं’ हेही नेहमीचंच. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात ५० अल्झायमर रुग्णांपैकी निम्म्यांच्या प्रिक्युनिअसवर (मेंदूचा आठवणींशी जोडलेला एक भाग) टीएमएस दिलं: दोन आठवडे रोज, पुढे २२ आठवडे आठवड्यातून एकदा. बनावट उपचार घेतलेल्यांपेक्षा त्यांची घसरण मंद राहिली. मंद राहिली, आजार बरा झाला नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २००८ मध्ये टीएमएसला मंजुरी दिली ती नैराश्यासाठी, अल्झायमरसाठी नव्हे. कुणी ‘आठवण परत आणून देतो’ म्हणत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

आणि पहिल्या बैठकीआधी स्मरणशक्तीची चाचणी करून आकडा लिहून ठेवा, नाहीतर पुढे फरक कशाशी ताडून बघणार? आजी मराठीत विचार करतात तर चाचणीही मराठीतच घ्यायला सांगा. गुजरातीत किंवा इंग्रजीत घेतली की विनाकारण गुण कमी पडतात आणि घरचे नको तितके घाबरतात.