साडीऐवजी कोंबड्या

आजीच्या वर्षश्राद्धाला साड्या वाटण्याऐवजी आम्ही इंदूरच्या रामबागेतल्या दोन-तीन घरांनी मिळून झाबुआकडच्या एका भिल्ल कुटुंबाला कडकनाथ कोंबड्या दिल्या. झाबुआच्या या काळ्या कोंबडीच्या मांसाला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, भावही चांगला येतो.

पण एक दिवसाची पिल्लं देऊ नका. पहिले तीन-चार आठवडे त्यांना बल्बची ऊब लागते, आणि पाड्यावर वीज कधी जाईल सांगता येत नाही. निदान महिनाभराची, राणीखेत रोगाची लस दिलेली घ्या. दाण्याचे आणि पुढच्या लसीचे पैसेही सोबतच द्या. कडकनाथ अंड्यांवर नीट बसत नाही, म्हणून एखादी गावठी कोंबडी हवी. (हे आम्हाला त्या घरच्या बाईनेच सांगितलं, तेही हसत हसत!) त्यामुळे आधी घरच्या बाईला विचारा. तिला कदाचित शिलाई मशीनच हवं असेल.

संस्थेमार्फत देणार असाल तर आयकरात वजावटीसाठी लागणारी, ८०जी नावाने ओळखली जाणारी देणगीची पावती मागा. २००० रुपयांवर रोख दिलंत तर वजावट मिळत नाही. नव्या करप्रणालीत तर ती नाहीच.